खिसा नव्हता म्हणून...

मोबाईल, वॉलेट, आयकार्ड, चाव्या. खिसे नसते तर हा सगळा पसारा घेऊन आपण सकाळची लोकल कशी पकडली असती? एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) जपानी पुरुषांपुढे नेमका हाच प्रॉब्लेम होता. किमोनोला खिसा नाही. मग तंबाखूची पिशवी किंवा औषधाची डबी रेशमी दोरीला बांधायची, दोरी कमरपट्ट्यामागून वर काढायची आणि ती निसटू नये म्हणून टोकाला बटणासारखं काहीतरी ओवायचं. ते 'काहीतरी' म्हणजे नेत्सुके. (बोलताना जपानी लोक त्यातला 'उ' जवळजवळ गिळून टाकतात!)

काम बटणाचं, पण थाट बघा. तीन-चार सेंटिमीटरच्या लाकडात किंवा हस्तिदंतात गुंडाळून झोपलेला उंदीर, राक्षस, नाहीतर पिकलेलं फळ. तळसुद्धा कोरलेला. आणि कुठेही टोक बाहेर आलेलं नाही, रेशीम अडकेल ना!

मग पाश्चात्त्य कपडे आले, खिसे आले, नेत्सुके बेकार झाले. युरोपातल्या हौशी मंडळींनी ते भराभर उचलले. १८७०च्या दशकात पॅरिसच्या चार्ल्स एफ्रुसीने २६४ नगांचा संग्रह घेतला आणि पुढे व्हिएन्नातल्या चुलतभावाला लग्नात भेट दिला. १९३८ मध्ये नाझींनी या ज्यू कुटुंबाचं घर लुटलं. एडमंड डी वाल या वंशजाने २०१०च्या पुस्तकात सांगितलंय, की घरच्या मोलकरणीने ते थोडे थोडे करून एप्रनच्या खिशातून पळवले आणि आपल्या गादीत लपवले. खिसा नव्हता म्हणून जन्मलेली वस्तू वाचली खिशामुळेच! २०१८ मध्ये डी वालने त्यातले ७९ विकून पैसे निर्वासितांच्या मदतीला दिले.

एव्हाना तुमचा माऊस ऑनलाइन लिलावाकडे वळला असेल, तर बॉस, जरा थांबा. हस्तिदंताचं घेऊच नका. भारतात त्याच्या व्यापारावर बंदी आहे, 'अँटिक आहे हो' म्हणून कस्टमवाले सोडणार नाहीत. लाकडाचं बघा. साच्यातून काढलेल्या रेझिनच्या नकला ढिगाने मिळतात. त्यांच्या कडेला जोडाची बारीक रेघ सापडते. दोरीची भोकं तपासा, बऱ्याचदा एक दुसऱ्यापेक्षा मोठं असतं, गाठ आत लपावी म्हणून. आणि विक्रेता मागच्या बाजूचा फोटो देत नसेल, तर सरळ पुढच्या पानावर क्लिक करा.