चार स्लॉट, दोन पट्ट्या

"मामा, फसवलं की हो आम्हाला!" भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. पोरानं सुटे भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला होता. रॅमच्या डब्यावर ६००० असं ठळक छापलेलं, आणि मशीनमधली एक उपयोगिता १८०० दाखवत होती. पैसे आमच्या ताईनं भिशीतून काढलेले, त्यामुळे घरात वातावरण तापलेलं. सकाळी दुकानात जाऊन भांडायचं ठरलं होतं आणि भांडायला मी हवा होतो, कारण मास्तर माणसाला कन्नडमध्येही रीतसर भांडता येतं असा आमच्याकडे समज आहे.

भांडण पाच मिनिटंही टिकलं नाही. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मॅन्युअल ओद्री सर, आम्याल बय्री." वाचलं, आणि मान खाली घातली.

वाचकहो, तुमच्याही घरी कुणी मशीन जोडत असेल, तर त्या दिवशी कळलं ते सांगतो. पहिली गोष्ट १८०० ची. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देणारी रॅम. काही उपयोगिता नुसते ठोके मोजतात, म्हणून तिथला आकडा दुप्पट करून वाचायचा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तोच वेग ३६०० दिसत होता. निम्मा घोटाळा तिथंच मिटला.

उरला ३६०० आणि ६००० मधला फरक. डब्यावरचा आकडा हा आपोआप मिळणारा वेग नव्हे. रॅमच्या पट्टीवर एक बारीक चिप असते, तिच्यात वेगाचे तक्ते लिहिलेले असतात: एक सर्वांना मान्य असा साधा, आणि एक कंपनीनं चाचणी घेऊन भरलेला जलद. मशीन नवं असताना बोर्ड साधाच तक्ता धरतो. जलद हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन तो आपण निवडायचा. इंटेलनं २००७ मध्ये या सोयीला एक्सएमपी नाव दिलं, एएमडीनं डीडीआर ५ साठी २०२२ मध्ये एक्स्पो आणलं. प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या लेखी हे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे हमीबाहेरचा वेग.

पण भाच्याचं दुखणं आणखी वेगळं होतं. बोर्डावर चार स्लॉट, म्हणून यानं १६ जीबीच्या चार पट्ट्या घेतल्या. दोन-दोनचे दोन डबे. प्रोसेसर रायझन ७००० मालिकेतला. त्या मालिकेसाठी एएमडीचं अधिकृत वचन असं: दोन पट्ट्या असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. चॅनेल दोनच असतात. चार पट्ट्या लावल्या की एकेका चॅनेलच्या तारांवर दोन-दोन पट्ट्यांचा भार येतो आणि इशारे एकमेकांत मिसळू लागतात. भजनाला बसलेल्यांना हे लगेच पटेल. ठाय लयीत चार टाळकरी बिनचूक वाजवतात. लय द्रुत झाली की दोघांचंच जमतं.

हे सगळं ऐकूनही पोरानं घरी जाऊन एक्स्पो चालू केलं. वय आहे. स्क्रीन काळी. डीडीआर ५ ची मशीनं नवी सेटिंग मिळाली की काही मिनिटं आतल्या आत रॅम जुळवून बघतात, तेवढा वेळ थांबावं लागतं. हा वीस मिनिटं थांबला, काहीच नाही. तेव्हा वायर काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल उपसला, थोड्या वेळानं परत बसवला. बायोस मूळपदावर आलं. मग त्यानं हातानं ५६०० भरलं. मशीन चालू झालं! आठवडाभर घरात दिवाळी.

खरी चूक इथं झाली. चालू झालं म्हणजे नीट चाललं असं नाही.

त्याचे अज्जा, म्हणजे आमच्या भावोजींचे वडील, ऐन उमेदीत भजनी मंडळात गायचे. त्यांच्या २२ कॅसेट या पोरानं जुन्या लॅपटॉपवर उतरवल्या होत्या. कॉम्प्युटर घेतला तोच मुळी त्या साफ करायला. नव्या मशीनवर आणून त्यानं सगळ्यांची झिप बांधली आणि लॅपटॉपवरच्या फाइली पुसल्या. पंधरा दिवसांनी झिप उघडताना चूक दाखवायला लागली. तीन कॅसेटच्या फाइली बिघडलेल्या. दोन परत उतरवता आल्या. तिसरीची पट्टी उतरवताना शेवटी टेपरेकॉर्डरनं गिळली होती. तिची पहिली अकरा मिनिटं धड निघाली, पुढं नुसती खरखर.

मग मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून रात्री लावला. अर्ध्या तासात लाल ओळी. डबे वेगवेगळे तपासले तर दोन्ही निर्दोष. एकत्र आले की भांडतात. (जावा-जावांची आठवण ताईला झाली, मला नाही.) शेवटी एक जोडी काढून ठेवली. उरलेली प्रोसेसरच्या बाजूनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवली. बोर्डावर त्यांना ए-२, बी-२ म्हणतात. दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांना याच जागा हव्या असतात. बायोसही नव्या आवृत्तीचं घातलं. एक्स्पो चालू, ६०००, रात्रभर चाचणी, एकही चूक नाही. ६४ जीबीच हवी असती तर सुरुवातीलाच ३२ च्या दोन घ्यायच्या होत्या. जादा जोडी आता ताईच्या कपाटात, चांदीच्या निरांजनाशेजारी आहे.

परवाच्या रविवारी आम्ही ती गिळलेली कॅसेट उघडली. पाच बारीक स्क्रू. चुरगळलेली पट्टी बोटांनी सपाट केली, तुटली होती तिथं जोडायची खास चिकटपट्टी लावली. साधा सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पसरतो. पेन्सिल घालून चक्री फिरवली आणि नव्या मशीनला जोडून सुरू केली. अज्जा खुर्ची ओढून जवळ बसले होते.

"ईग केळस्तदेनु?" त्यांनी दोनदा विचारलं.

चुरगळलेल्या जागी आवाज खोल जातो, मग वर येतो. पोरानं हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावले, आणि दुसऱ्या हातानं फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर टाकली, एक लॅपटॉपवर.