पाण्याचे सूत्र तराजूवर मिळत नाही

विज्ञानाच्या इतिहासातील एक कथा आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली असते. १८११ साली आमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो या इटालियन पंडिताने रेणूंविषयीचे सत्य सांगितले, समकालीनांनी ते पन्नास वर्षे धूळ खात ठेवले आणि त्याच्या मृत्यूनंतर जगाला जाग आली. कथा शोकांत आहे, म्हणून लोकप्रियही आहे. माझ्या मते ती दिशाभूल करणारी आहे. या धाग्यात तिच्याविरुद्धचा युक्तिवाद मांडायचा आहे. धागा लांब आहे, पण त्यातले गणित भागाकारापलीकडे जात नाही.

प्रथम शाळेतले एक उदाहरण आठवूया. शंभर ग्रॅम पाण्याचे विघटन केले तर ११.१९ ग्रॅम हायड्रोजन आणि ८८.८१ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. पहिल्या आकड्याला हायड्रोजनच्या अणुवस्तुमानाने, म्हणजे १.००८ ने भागले की ११.१ मोल येतात. दुसऱ्याला १६ ने भागले की ५.५५. गुणोत्तर २:१, सूत्र एच-टू-ओ. उत्तर बरोबर, पूर्ण गुण.

परंतु हे १६ आले कुठून? पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या तक्त्यातून. त्या तक्त्यात १६ ऐवजी ८ छापलेले असते, तर ८८.८१ ला ८ ने भागून ११.१ हेच उत्तर आले असते आणि पाण्याचे सूत्र एच-ओ ठरले असते. वजने तीच, तराजू तोच, भागाकारही निर्दोष. तराजू या दोहोंपैकी एकाचीही बाजू घेत नाही.

सूत्र ठाऊक असेल तर अणुभार काढता येतो आणि अणुभार ठाऊक असेल तर सूत्र काढता येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रसायनशास्त्रज्ञांना या दोहोंपैकी एकही ठाऊक नव्हते. त्यांची अडचण मुळात एवढीच होती, आणि ती काही लहान नव्हती.

या कोंडीतून जॉन डाल्टनने जी वाट काढली, तिची आज थट्टा होते. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ज्ञात असेल, तर विरुद्ध कारण दिसेपर्यंत त्यात दोहोंचा एकेक अणू आहे असे मानावे, हा त्याचा नियम. त्यानुसार पाणी एच-ओ झाले, आणि १८०८ च्या त्याच्या ग्रंथात ऑक्सिजनचा भार ७ आला (त्या काळची पृथक्करणे ८ पर्यंत पोहोचण्याइतकी अचूक नव्हती). हा नियम निव्वळ आळसातून आलेला नव्हता. वायूतील सजातीय कण एकमेकांना दूर लोटतात असे डाल्टन मानत असे. तसे असेल तर एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन चिकटण्यापेक्षा एकच चिकटणे अधिक स्वाभाविक ठरते. गृहीतक चुकीचे होते, पण त्यावरून केलेला तर्क सुसंगत होता.

दरम्यान पॅरिसमध्ये गे-ल्युसॅकने वायूंची आकारमाने मोजली. दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन माप वाफ तयार होते. अ‍ॅव्होगॅड्रोने यावरून १८११ मध्ये निष्कर्ष काढला की समान तापमान व दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत कणांची संख्याही समान असते. पण मग ऑक्सिजनच्या एका मापातील कण वाफेच्या दोन मापांत कसे पुरावेत? अ‍ॅव्होगॅड्रोचे उत्तर असे की ऑक्सिजनचा प्रत्येक कण दुभंगतो, कारण तो मुळातच जोडकण असतो.

आज हे वाचताना आपण मान डोलावतो. पण क्षणभर डाल्टनच्या जागी उभे राहून पाहा. सजातीय कण एकमेकांना दूर लोटतात, तर ऑक्सिजनला ऑक्सिजन चिकटेल कसा? आता स्टॉकहोमच्या बर्झेलियसच्या जागी उभे राहा. रासायनिक बंध विरुद्ध विद्युतभारांच्या आकर्षणाने होतो असे त्याचे मत होते, आणि त्या मताने असंख्य क्षारांची वर्तणूक नीट समजत होती. त्याच्या दृष्टीने दोन ऑक्सिजन अणूंची जोडी म्हणजे एकाच ध्रुवाच्या दोन चुंबकांचा विवाह. बर्झेलियसने आकारमानांचा पुरावा डावलला नाही. पाणी म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असेच तो लिहीत होता. त्याला नको होता तो फक्त जोडकण. याला दुर्लक्ष म्हणता येत नाही. हा सकारण नकार होता.

नंतर तर पुरावाच उलटला. १८२६ पासून झां-बातिस्त द्यूमाने अनेक पदार्थांच्या वाफांची घनता मोजली. अपेक्षेच्या मानाने गंधकाची वाफ तिप्पट जड निघाली, फॉस्फरसची दुप्पट, आणि पाऱ्याची निम्मी. कारण आज आपल्याला ठाऊक आहे. फॉस्फरसच्या रेणूत चार अणू असतात, पाऱ्याचे अणू सुटे असतात आणि द्यूमाच्या प्रयोगांतील तापमानाला गंधकाच्या रेणूत सरासरी सहाच्या आसपास अणू असतात. द्यूमाला मात्र एवढेच दिसले की वाफेच्या घनतेवर विसंबून अणुभार ठरवायला गेले की गोंधळ होतो. निराश होऊन त्याने ‘अणू’ हा शब्दच रसायनशास्त्रातून हद्दपार करण्याची भाषा केली. याच द्यूमाने १८४२ मध्ये तापलेल्या तांब्याच्या ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडून पाण्याची घटना अपूर्व अचूकतेने मोजली आणि हायड्रोजनच्या एका भागास ऑक्सिजनचे जवळजवळ आठ भाग पडतात हे पक्के केले. वजन इतके अचूक झाले, तरी सूत्राचा वाद जागचा हलला नाही.

परिणामी बरेच रसायनशास्त्रज्ञ अणूंचा नाद सोडून केवळ संयोगाच्या प्रमाणांवर समाधान मानू लागले: हायड्रोजन १, कार्बन ६, ऑक्सिजन ८. इतर काही जण १२ आणि १६ वापरत. एकाच नावाच्या पदार्थाची सूत्रे देशागणिक, कधी प्रयोगशाळेगणिक बदलत. केकुलेच्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक आम्लाची, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधील आम्लाची, तब्बल १९ सूत्रे एकत्र दिलेली आढळतात.

आता स्तानिस्लाओ कानिझारोकडे वळू. सिसिलीतील १८४८ च्या उठावात भाग घेतल्यामुळे त्याला परागंदा व्हावे लागले होते. पुढे जिनोआत प्राध्यापक असताना, १८५८ मध्ये, त्याने आपण विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र कसे शिकवतो याचा गोषवारा एका पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केला. नवा प्रयोग नाही, नवे मूलद्रव्य नाही. अभ्यासक्रमाची टिपणेच म्हणा ना.

त्याची रीत पाहण्यासारखी आहे. हायड्रोजन वायूची घनता २ धरायची आणि त्या मापाने इतर वायूंची घनता मांडायची. समान आकारमानांत समान रेणू असतील, तर हेच आकडे रेणूंचे भार होतात. पाण्याची वाफ १८, कार्बन मोनॉक्साइड २८, कार्बन डायऑक्साइड ४४, ऑक्सिजन ३२. मग तराजूने काढलेल्या प्रमाणावरून प्रत्येकात ऑक्सिजनचा वाटा किती ते पाहायचे: १६, १६, ३२, ३२. कार्बनसाठीही तसेच: मोनॉक्साइडमध्ये १२, डायऑक्साइडमध्ये १२, मिथेनमध्ये १२, इथिलीनमध्ये २४. ऑक्सिजन नेहमी १६ च्या पटीत येतो, ८ कधीच येत नाही. कार्बन १२ च्या पटीत येतो, ६ कधीच नाही. जो वाटा याहून लहान होत नाही तोच अणूचा भार.

सूत्र आधी गृहीत धरायचे की अणुभार, हा प्रश्नच येथे उरत नाही. एका संयुगावरून जे ठरत नव्हते ते अनेक संयुगे शेजारी शेजारी मांडल्यावर ठरते. शिवाय विसंगतींचाही निकाल लागत होता. नवसागराच्या वाफेची घनता निम्मी भरते, कारण तापवल्यावर तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड यांत फुटतो, हे त्याच सुमारास उमगू लागले होते.

म्हणून माझे म्हणणे असे. १८११ मध्ये अ‍ॅव्होगॅड्रोकडे एक उत्तम कल्पना होती, पण ती स्वीकारायला भाग पाडील असा पुरावा कुणाकडेच नव्हता. तो पुरावा म्हणजे मधल्या काळात मोजलेल्या वाफा, सेंद्रिय संयुगांची वाढत गेलेली संख्या आणि कानिझारोने लावलेली त्यांची संगती. ‘उपेक्षित प्रतिभावंता’ची कथा सांगताना आपण ही पन्नास वर्षांची मेहनत पुसून टाकतो आणि बर्झेलियस-द्यूमांसारख्या माणसांना विनाकारण मठ्ठ ठरवतो.

३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत कार्ल्सरुहे येथे युरोपभरचे शंभराहून अधिक रसायनशास्त्रज्ञ हा घोळ मिटवण्यासाठी जमले. परिषदेत सर्वमान्य निर्णय काही झाला नाही. शेवटी कानिझारोच्या मित्राने, आंजेलो पावेझीने, ते १८५८ चे टिपण उपस्थितांत वाटले. लोथार मायरने ते वाचले आणि आपल्या डोळ्यांवरची झापड गळून पडल्याचे पुढे नमूद केले. श्रोत्यांत २६ वर्षांचा मेंडेलीव्हही होता. नऊ वर्षांनी त्याने आवर्तसारणी मांडली, ती याच सुधारलेल्या अणुभारांवर. अ‍ॅव्होगॅड्रो मात्र १८५६ मध्येच निवर्तला होता.

आणि ‘मोल’? हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्हेल्म ओस्टवाल्डने रूढ केला. गंमत अशी की तेव्हा अणूंच्या अस्तित्वावर त्याचाच विश्वास नव्हता. आंतरराष्ट्रीय एककांत मोलला १९७१ मध्ये जागा मिळाली आणि २० मे २०१९ पासून त्यातील कणांची संख्या ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात अशी कायमची निश्चित झाली. पाठ्यपुस्तकात मात्र हाच शब्द सर्वांत आधी येतो.

माझ्या मताविरुद्ध जाणारा एक पुरावा लपवणे बरे नव्हे. १८३३ मध्ये मार्क-आंत्वान गोदँ या फ्रेंच संशोधकाने द्यूमाच्या विसंगतींचा नेमका उलगडा केला होता: पाऱ्याचा कण एका अणूचा, फॉस्फरसचा चार अणूंचा, गंधकाचा सहा अणूंचा. त्याचे कुणी फारसे ऐकले नाही, आणि त्याच्या बाबतीत ‘पुरावा नव्हता’ हे माझे उत्तर पुरे पडत नाही. उपेक्षितच शोधायचा असेल तर अ‍ॅव्होगॅड्रोपेक्षा गोदँकडे पाहावे. त्याच्यावर पुढचा धागा.