तुमच्या लोकरीत मेंढी आहे का?

तुमच्याकडे लोकरीचा गुंडा असेल तर आधी तो उचला आणि त्याच्यावरचं कागदी वेष्टन वाचा. फेकून दिलं असेल तर हरकत नाही. मीही फेकलं होतं, म्हणूनच तर पुढचा सगळा घोळ झाला.

क्रोशाचं वेड आपल्या पिढीला कधी लागलं हे वेगळं सांगायला नको. लॉकडाऊनमध्ये सुई हातात आली, मग रील्स आल्या, मग ट्यूलिपचे गुच्छ, मधमाशीचे कीचेन, बकेट हॅट. आज कुठल्याही कॉलेजच्या फेस्टमध्ये जा, क्रोशाचा एक तरी स्टॉल असतोच. आमचाही होता. आम्ही तिघी मैत्रिणी, एक टेबल, एक क्यूआर कोड. टेबलावरच्या कार्डावर मी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं : ‘शुद्ध लोकर. हँडमेड. प्लास्टिकला इको-फ्रेंडली पर्याय.’ लोकांनी फोटो काढले. कार्डाचेसुद्धा.

पुढच्या वेळी काहीतरी वेगळं हवं म्हणून मी फेल्टिंगच्या बाऊलकडे वळले. तुम्ही पाहिले असतील. परदेशी घरांच्या फोटोंत दाराजवळच्या टेबलावर जाडसर, मऊ, मातीच्या भांड्यासारखा दिसणारा लोकरीचा बाऊल असतो. त्यात किल्ल्या, नाणी, इअरफोन. कृती तशी सोपी. मधोमध एक कडं घ्यायचं, त्यात सहा मुके खांब. (सिंगल क्रोशेला आपल्या आज्या मुका खांब म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो.) पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस, असा सपाट गोल वाढवत न्यायचा. तळ पुरेसा मोठा झाला की वाढवणं थांबवायचं आणि नुसत्या फेऱ्या घालत राहायचं, म्हणजे भिंत आपोआप वर उभी राहते. सुई नेहमीपेक्षा जाड घ्यायची, वीण सैल ठेवायची आणि बाऊल हवा त्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठा विणायचा. कारण खरी गंमत नंतर आहे. तो ढगळ, टोपीसारखा प्रकार गरम पाणी आणि साबणात घालून चांगला घुसळायचा. लोकर आटते, टाके एकमेकांत विरघळल्यासारखे होतात, कापड जाड आणि कडक बनतं. मग ते ओलं असतानाच स्टीलच्या डब्यावर किंवा पातेल्यावर चढवून वाळवायचं.

मी उशीच्या अभ्र्यात बाऊल घालून हॉस्टेलच्या मशीनमध्ये टाकला. पाऊण तासाने बाहेर आला तो तसाच, किंबहुना थोडा मोठा होऊन. दुसऱ्यांदा बादलीत उकळतं पाणी ओतलं. यावेळी तो लोंबायला लागला आणि त्याला विचित्र चकाकी आली. माझी रूममेट म्हणाली, ‘‘अगं, हा बाऊल नाही, हा हँगओव्हर झालेला स्वेटर आहे.’’

तेव्हा कचऱ्याच्या डब्यातून वेष्टन शोधून काढलं. १०० टक्के ॲक्रिलिक.

आता थोडं विज्ञान, कारण ते कळल्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही. मेंढीच्या लोकरीचा तंतू म्हणजे आपल्या केसासारखंच केराटिन. त्याच्यावर माशासारखे बारीक खवले असतात. गरम साबणाच्या पाण्यात ते खवले उघडतात आणि घुसळताना तंतू एकमेकांत अडकत जातात. एकदा अडकले की सुटत नाहीत. आईचा महागातला स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर बाहुलीला होईल एवढा होतो, ते याच कारणाने. फेल्टिंग म्हणजे तोच अपघात मुद्दाम घडवणं. ॲक्रिलिकला खवले नाहीत. ते पेट्रोलियमपासून बनवलेलं पॉलिमर आहे. उष्णतेत ते आटत नाही, सैल पडतं. (सगळी खरी लोकरही आटत नाही बरं का. ‘सुपरवॉश’ लिहिलेल्या लोकरीवर क्लोरिनची प्रक्रिया आणि रेझिनचा पातळ थर असतो. मशीनमध्ये धुता यावी म्हणून तिचे खवले जाणूनबुजून निकामी केलेले असतात.)

म्हणजे मी फेस्टमध्ये प्लास्टिकला पर्याय म्हणून प्लास्टिक विकलं होतं. आणि मला हे सांगायचंय की तुमच्यापैकी बहुतेक जण तेच करताय.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आपल्याकडे जाड, केसाळ धाग्याला सगळे लोकरच म्हणतात. आई म्हणते, दुकानदार म्हणतो. बरोबर आहे. भाषेत शब्द सरकतात, त्याला कुणी पोलिस नसतो. घरात, गप्पांमध्ये खुशाल म्हणा. पण ज्या क्षणी आपण त्या शब्दावर पैसे घेतो, त्यापुढे ‘शुद्ध’ आणि ‘नैसर्गिक’ जोडतो, त्या क्षणी ती बोलीभाषा उरत नाही. ती जाहिरात होते. मोठ्या ब्रँड्सच्या ग्रीनवॉशिंगवर आपण वर्गात प्रेझेंटेशन देतो, स्टोरी टाकतो. मग आपल्या टेबलावरच्या कार्डाचं काय करायचं? आणि ‘इको-फ्रेंडली’चा हिशोबही तपासून पाहा. इंग्लंडच्या प्लायमाउथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये वेगवेगळे कपडे मशीनमध्ये धुऊन पाण्यात किती तंतू सुटतात ते मोजलं. सहा किलो ॲक्रिलिकच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात, असा त्यांचा अंदाज निघाला. हे तंतू म्हणजे मायक्रोप्लास्टिकच.

मी ॲक्रिलिकच्या विरोधात नाही. ते स्वस्त आहे, रंग भन्नाट मिळतात, कसर लागत नाही, आणि बाळाच्या खेळण्यासाठी तर तेच बरं, कारण धुता येतं. पॉकेटमनीत शिकणाऱ्याने ॲक्रिलिकवरच शिकावं. माझं भांडण फक्त लेबलशी आहे.

असो. मला बाऊल तर करायचाच होता. पेठेतल्या तीन दुकानांत जाऊन मी खरी लोकर मागितली. तिन्ही ठिकाणी ‘‘हीच की खरी’’ असं उत्तर आलं आणि तिन्ही ठिकाणी वेष्टनावर ॲक्रिलिक. एकात ‘वूल ब्लेंड’ सापडली, तिच्यातही लोकर नावापुरतीच. मग ऑनलाइन पाहिलं. मरिनो लोकर मिळते, छान मिळते, पण ती बहुतेक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मेंढीची. एका बाऊलच्या लोकरीत माझ्या मेसचे कितीतरी दिवस निघाले असते.

आणि मग एका हस्तकला प्रदर्शनात मी घोंगडीच्या स्टॉलसमोर उभी राहिले. खरं सांगायचं तर तोवर माझ्या डोक्यात घोंगडी म्हणजे ‘लोकर’ आहे हे आलंच नव्हतं. घोंगडी म्हणजे आजोबा, घोंगडी म्हणजे बिरोबाची जत्रा, वारी. क्राफ्ट म्हणजे इन्स्टाग्राम. दोन्ही एकाच प्राण्याच्या अंगावरून येतं, हे लक्षात यायला मला उकळत्या पाण्याची बादली लागली.

स्टॉलवरच्या काकांना मी म्हटलं, घोंगडी नको, नुसतं सूत द्याल का? ते हसले. ‘‘सूत कोण इकत घेतं ताई? आनि काय करनार त्याचं?’’ बाऊल म्हटलं तर कळेना, म्हणून वाटी म्हटलं. ‘‘लोकरीची वाटी?’’ त्यांनी शेजारच्या स्टॉलवाल्याला हाक मारून हे सांगितलं. मी लाजत लाजत फेल्टिंग समजावलं : गरम पाणी, साबण, घुसळायचं, घट्ट होतं. काका उठले आणि ते ज्याच्यावर बसले होते ती जाड बसकर त्यांनी माझ्यापुढे धरली. ‘‘ह्ये जेन. हात लावून बघा. इनलेलं न्हाई, तुडवलेलं हाय.’’

जेन! म्हणजे लोकर पिंजून तिचे थर पसरायचे, पाणी मारायचं, गुंडाळायचं आणि तुडवून तुडवून एकजीव करायचं. जे मी ‘नॉर्डिक होम डेकोर’ म्हणून सेव्ह करून ठेवलं होतं, ते काका बुडाखाली घेऊन बसले होते. अशा तुडवलेल्या लोकरीच्या कापडाला मराठीत ‘बुरणूस’ असा जुना शब्दही आहे. काश्मीरचा आणि राजस्थानातल्या टोंकचा नमदा हेही याच कुळातलं. फेल्टिंगसाठी मराठी शब्द नाही म्हणून मी आठवडाभर इंग्रजी शब्द वापरत होते.

आता खरा मुद्दा. महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि तेलंगणात जी मेंढी पूर्वापार आहे ती दख्खनी. माण, खटाव, आटपाडी, सांगोल्याकडचे धनगर तिला घेऊन वर्षातले कित्येक महिने फिरतात. तिची लोकर काळी, आखूड आणि राठ. स्वेटरला नको, शालीला नको, कारण टोचते. तिचा एकच मोठा गिऱ्हाईक होता, घोंगडी. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी आणि मऊ मिंकने घोंगडीला घराबाहेर काढलं, आणि लोकरीचा भाव पडला. मेंढी तर कातरावीच लागते, नाहीतर तिला उन्हाचा त्रास होतो, अंगात किडे होतात. कातरणाऱ्याची मजुरी द्यावी लागते आणि लोकर विकून ती मजुरीही निघत नाही. मग कातरलेली लोकर रानात टाकून देतात. अनेक मेंढपाळ आता जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीकडे वळलेत. तिच्या अंगावर लोकर कमी आणि मटणाला भाव चांगला. त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही, पोट मटणावर चालतं. पण लोकर कातरणं, पिंजणं, चरख्यावर सूत काढणं, चिंचोक्याची खळ लावणं, मागावर विणणं ही सगळी साखळी त्याबरोबर सुटत चालली आहे.

इकडे आपण मऊ लोकर आयात करतोय, नाहीतर ॲक्रिलिकला लोकर म्हणतोय. तिकडे लोकर फेकली जातेय. आणि आपल्याला करायचाय काय, तर बाऊल. अहो, बाऊल कुणी अंगात घालत नाही! तो टोचला तर टोचू दे. किल्ल्यांना गुदगुल्या होत नाहीत. जाड, राठ, चिवट, आकार धरून ठेवणारा धागा इथे दोष ठरत नाही, उलट तोच हवा आहे. बाऊल, टोपली, गरम भांड्याखालची चकती, झाडाच्या कुंडीचं आवरण, लॅपटॉपची पिशवी : ज्या वस्तूंना मऊपणाची गरजच नाही, अशा कितीतरी गोष्टी आपण क्रोशात करतो. त्यासाठी दख्खनी सूत का मागत नाही आपण? एखाद्या घोंगडी विणणाऱ्याकडे कॉलेजच्या पोरांनी दर महिन्याला लडी मागितल्या तर त्याचं नशीब पालटेल असं मी म्हणत नाही. एवढी भाबडी नाही मी. पण ‘सूत कोण इकत घेतं’ या प्रश्नाला निदान एक उत्तर मिळेल.

अडचणीही सांगते, नाहीतर तुम्ही मला शिव्या घालाल. काकांनी वजनावर दिलेलं सूत हातकताईचं होतं, कुठे जाड, कुठे बारीक. मधेच तुटायचं, गाठी माराव्या लागल्या. विणताना बोटं लाल झाली. त्यात गवताच्या काड्या निघाल्या. आणि ओलं झाल्यावर मेंढीचा असा काही वास सुटला की रूममेटने खिडकी उघडली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. (वाळल्यावर वास बराच जातो. बोलणंही सुरू झालं.) मरिनोसारखं ते झटकन आटतही नाही. मला तीन वेळा गरम पाणी घ्यावं लागलं, शेवटी बादलीत उभी राहून पायांनी तुडवलं. तळ २४ सेंटिमीटरचा होता, तो १९ वर आला. टाके पूर्ण गायब झाले नाहीत, जवळून पाहिलं तर मुके खांब अजून दिसतात. पण बाऊल स्वतःच्या पायावर उभा आहे.

तुमचा धागा काय आहे हे वेष्टनाशिवाय तपासायचं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि पेटवा. केस जळल्याचा वास आला, ज्योत विझू विझू झाली आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळला, थेंबासारखा झाला आणि शेवटी काळा टणक मणी उरला तर ॲक्रिलिक किंवा तसलंच काही. हॉस्टेलवर करणार असाल तर फायर अलार्मपासून लांब.

आमचा पुढचा स्टॉल महिनाभराने आहे. कार्ड यावेळी कसं लिहायचं यावर आमच्यात चांगलंच वाजलं. एकीचं म्हणणं, ‘ॲक्रिलिक’ लिहिलं की लोक हात लावणार नाहीत. कदाचित नाही लावणार. शेवटी दोन कार्डं ठरली आहेत. कीचेनपुढे : ‘ॲक्रिलिक धागा, हातविणीचा. गरम पाण्यात धुवू नका.’ आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, काळ्या बाऊलपुढे : ‘दख्खनी मेंढीची लोकर. टोचते. पायांनी तुडवलेला.’