टेक्सासचे गोठलेले नळ आणि मनीषनगरची काळजी

प्रतिनिधी, नागपूर

नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी किमान तापमान 3.5 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. शहराच्या नोंदींतील तो नीचांक ठरला. तरीही मनीषनगरातील गच्च्यांवरून उघड्याने फिरणाऱ्या पाइपांना त्या पहाटे धोका नव्हता. पाणी शून्य अंशाला गोठते आणि भरलेला पाइप गोठण्यास त्याहून बरीच अधिक थंडी लागते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासात बाहेरच्या हवेची ही मर्यादा उणे 7 अंशांच्या आसपास आढळली. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गोठतात ते गवतावरचे दवबिंदू. निरभ्र रात्री गवताचे पाते भोवतालच्या हवेहूनही थंड होते, एवढेच.

मात्र ज्या घरांतील मुले नोकरीनिमित्त ह्यूस्टन, डॅलसला स्थायिक झाली आहेत, त्यांच्यासाठी हा विषय परका नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासवर हिमवादळ कोसळले. डॅलसचा पारा उणे 19 अंशांवर गेला. 15 फेब्रुवारीच्या पहाटेपासून वीज तोडावी लागली, 45 लाखांहून अधिक घरे व आस्थापना अंधारात गेल्या. राज्याच्या अधिकृत नोंदीनुसार 246 जणांचा मृत्यू झाला. तेथील घरे उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली. अनेक घरांत पाण्याचे पाइप छताखालच्या माळ्यातून, म्हणजे उबदार भागाच्या बाहेरून जातात. वीज गेली, हीटर थांबले आणि पाइप फुटू लागले.

गोठताना पाणी सुमारे 9 टक्के प्रसरण पावते. पण पाइप बहुधा बर्फ जमलेल्या जागी फुटत नाही. बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि तो पाइप फोडतो. म्हणूनच नळ थेंब थेंब गळता ठेवण्याचा सल्ला दिला जातो. गळका नळ दिसताच प्लंबरला बोलावणाऱ्या नागपूरकराला तो विचित्रच वाटेल!

परंतु खरा पेच येथेच आहे. लाखो घरांनी एकाच वेळी नळ सोडले, त्यात फुटलेल्या पाइपांची गळती मिळाली आणि ह्यूस्टनमध्ये पाण्याचा दाब घसरला. अखेर महापालिकेलाच नळ वाहते ठेवू नका, असे आवाहन करावे लागले. एका घराचा शहाणपणा सगळ्या शहराला भोवू शकतो, याचा अनुभव आपल्याकडे टुल्लू पंपाने दिलेला आहे. नळ आल्याबरोबर एकाने पंप लावला की शेवटच्या घरी पाण्याची धार बारीक होते. थंडीचा आणि टंचाईचा प्रश्न वेगळा असला तरी जलवाहिनी सामायिकच असते.

तेव्हा अधिक भरवशाचे उपाय घरातलेच. पाइपांना फोमचे वेष्टन घालणे, गॅरेजचे दार बंद ठेवणे, सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवून खोलीची ऊब आत जाऊ देणे. वीज जाऊन घर गार पडू लागले तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, नळ उघडून पाइप रिकामे करणे. गोठलेला पाइप नळाच्या बाजूने हेअर ड्रायरने हळूहळू तापवावा. ज्योत कदापि लावू नये.

त्या दिवसांत ह्यूस्टनमध्ये मध्यरात्र होते तेव्हा मनीषनगरात सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. फोन करण्यास वेळ सोयीची आहे. मात्र मुख्य व्हॉल्व्ह घरात नेमका कुठे आहे, हा प्रश्न विचारायचा तो वीज जाण्यापूर्वी.