नंबर तपासला, चाप कोण तपासणार?

अमेरिकेत पिस्तूल हातात घेऊन बसलेल्या हौशी कारागिराची पहिली तक्रार बहुधा एकच असते: चाप जड आहे. त्यातही पिस्तूल १९११ असेल, तर ही तक्रार ठरलेलीच. जॉन ब्राउनिंगने रचलेलं हे .४५ कॅलिबरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल अमेरिकी लष्कराने मार्च १९११ मध्ये स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत त्यातून सहा हजार गोळ्या झाडल्या, तापलं की पाण्यात बुडवून पुन्हा झाडल्या, तरी ते एकदाही अडलं नाही. १९८५ मध्ये लष्करात बेरेटा पिस्तुलाने त्याची जागा घेतली. मात्र गॅरेजमधल्या टेबलावरून ते आजवर हललेलं नाही.

याचं कारण त्याच्या रचनेतच आहे. हे पिस्तूल बऱ्याच अंशी त्याच्याच सुट्या भागांनी खोलता येतं. आतले भाग मोजके आणि डोळ्यांना दिसतील एवढे, आणि शंभर वर्षांत त्याच्या सुट्या भागांचा बाजारच उभा राहिला. आयोवा राज्यातल्या माँटेझुमा या लहानशा गावात १९३९ मध्ये सुरू झालेल्या ब्राउनेल्सने कानशी, घासण्याचे दगड, भाग पकडून ठेवणारे साचे असं सगळं टपालाने घरपोच पाठवलं. जेरी कुनहाउसेन यांचं दुरुस्तीचं पुस्तक टेबलावर उघडं ठेवून कित्येकांनी आपलं पहिलं पिस्तूल खोललं. यातूनच पुढे व्यावसायिकही निघाले. बिल विल्सन हे मूळचे घड्याळजी. १९७७ मध्ये आर्कान्सामधल्या बेरीव्हिलला घरच्या दागिने-घड्याळांच्या दुकानाच्या मागच्या भागात त्यांनी पिस्तुलं दुरुस्त करायला सुरुवात केली. आज विल्सन कॉम्बॅटची पिस्तुलं हजारो डॉलरना जातात.

तेव्हा घरच्या घरी पिस्तुलावर काम करणारा माणूस म्हणजे माथेफिरू, असं समजण्याचं कारण नाही. नेम धरायची नवी माशी बसवणं, मुठीच्या फळ्या बदलणं, थकलेली स्प्रिंग काढून नवी घालणं, खरखरीत कडा गुळगुळीत करणं ही कामं धीराची आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी. गोष्ट बदलते ती चाप हलका करायला घेतल्यावर.

आत काय घडतं ते जरा जवळून पाहू. मागे ओढलेला घोडा एका छोट्या पोलादी तुकड्याने अडवलेला असतो. त्याला सिअर म्हणतात. सिअरची धारदार कड घोड्याच्या आकड्यात अडकलेली असते आणि ही पकड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. चाप ओढला की कड आकड्यातून सुटते, घोडा पडतो, गोळी सुटते. त्याच दणक्याने वरची स्लाइड मागे येऊन घोडा पुन्हा ताणते आणि डिस्कनेक्टर नावाचा तुकडा चापाचा सिअरशी असलेला संबंध तोडतो. बोट सैल करून पुन्हा ओढल्याशिवाय दुसरी गोळी सुटू नये, ही जबाबदारी त्याच्यावर. घोडा, सिअर, डिस्कनेक्टर आणि यातल्या शेवटच्या दोघांना दाबून धरणारी तीन बोटांची पट्टीस्प्रिंग, एवढ्यांच्या समजुतीवर सारं चालतं.

चाप हलका करणं म्हणजे ही समजूत नव्याने घडवणं. जाणकार कारागीर सिअर साच्यात पकडतो, भिंगातून बघतो, दगडाचे मोजके हात देतो आणि पुन्हा बघतो. हौशी माणसाच्या हाताशी वेगाने फिरणारं छोटं विजेचं यंत्र असतं आणि अंगात उत्साह. पण काही सिअरचा फक्त वरचा थरच कठीण केलेला असतो. तो घासला गेला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. पहिल्या दिवशी चाप लोण्यासारखा चालतो, मित्र वाहवा करतात. काही शे गोळ्यांनंतर कड झिजते आणि एखाद्या दिवशी स्लाइड पुढे जाताना घोडाही तिच्यामागोमाग खाली जातो, किंवा चाप एकदाच ओढून दोन गोळ्या सुटतात. बिघाड असा उशिरा समोर येतो, तोवर ते पिस्तूल कोणाच्या हातात असेल याचा नेम नसतो.

आता कायदा काय बघतो? १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने बंदुका बनवण्या-विकण्याच्या धंद्याला परवाना सक्तीचा केला. स्वतःच्या वापरासाठी स्वतःच पिस्तूल दुरुस्त करणाऱ्याला, बनवणाऱ्यालासुद्धा, संघीय परवाना लागत नाही. कायद्याच्या लेखी पिस्तूल म्हणजे त्याची फ्रेम, नंबर कोरलेला सांगाडा. गेल्या काही वर्षांतला सारा वाद या नंबराभोवती फिरतो आहे. घरी जोडायच्या बिननंबरी संचांवर २०२२ मध्ये नियम आला आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो टिकवला. ते योग्यच झालं. गुन्ह्यात सापडलेल्या हत्याराचा माग काढायला नंबर हवाच.

पण नंबर असलेल्या, रीतसर विकत घेतलेल्या पिस्तुलाच्या पोटात मालकाने काय घासलं, हे कोणीच बघत नाही. अमेरिकी बंदूक-वादाची ही मोठी विसंगती आहे. दोन्ही बाजू हत्यार कोणाकडे असावं यावर तावातावाने भांडतात. ते धड चालतं का, हा प्रश्न मात्र दोघांनाही किरकोळ वाटतो. कायदा या बाजूला वळतो तो एकदम टोकाला जाऊन. चापाच्या एका ओढीत एकाहून जास्त गोळ्या सुटल्या की ती मशीनगन आणि मालक फौजदारी आरोपी. विस्कॉन्सिनमध्ये एका माणसाने उसनी दिलेली अर्धस्वयंचलित रायफल सलग गोळ्या झाडू लागली. हा निव्वळ बिघाड आहे, असा त्याचा बचाव होता. आत लष्करी रायफलचे काही भाग असल्याचं सरकारने दाखवलं आणि २००८ साली त्याला तीस महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे आधी तपासणी कुठेच नाही आणि नंतर थेट तुरुंग.

‘माझं पिस्तूल, माझा चाप’ हा युक्तिवाद यावर हमखास येतो. तो सायकलच्या ब्रेकपुरताही टिकत नाही, कारण रस्त्यावर इतर लोक असतात. शिवाय जिथे अभियंत्यांची फौज आहे, तिथेही गणित चुकतं. सिग साउअरच्या पी-३२० ची काही पिस्तुलं ठराविक कोनात जमिनीवर पडली की आपोआप उडतात, असं २०१७ मध्ये दिसून आलं. कंपनीने ऑगस्टमध्ये चापासह आतले भाग मोफत बदलून द्यायला सुरुवात केली. प्रयोगशाळा असलेल्यांचं हे होत असेल, तर एकट्या माणसाने ‘मी हादरवून पाहिलं, काही झालं नाही’ एवढ्यावर विसंबणं धाडसाचं आहे. १९११ बनवणाऱ्या कोल्ट कंपनीने १९८३ च्या सुमारास काडतुसावर आदळणारी पिन अडवून धरणारी जादा सुरक्षा आणली, तेव्हा चाप किंचित जड झाला म्हणून ती काढून टाकणारे बहाद्दरही निघाले.

भारतात हा प्रश्न असा उभाच राहत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार विक्रीसाठी हत्यार बनवणंच नव्हे, तर त्यात बदल करणं, ते दुरुस्त करणं आणि त्याची चाचणी घेणं यालाही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. जळगावच्या सीमेपलीकडच्या उमर्टीतून येणारी पिस्तुलं पुण्याच्या पोलिसांना वारंवार सापडतात, ती या कायद्याला न जुमानता. पण तो पोटापाण्याचा बेकायदा धंदा आहे, छंद नव्हे. अमेरिकेने आपला हा कायदा उचलावा, असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांची राज्यघटना आणि शिकारीची परंपरा वेगळी.

त्यांना उपयोगी पडेल अशी गोष्ट दुसरीकडे आहे आणि ती कोल्हापूरच्या राही सरनोबतला विचारली तरी ती सांगेल. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला तिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. या प्रकारात चापाचा दाब एक किलोपेक्षा कमी चालत नाही. पिस्तुलाची नळी उभी धरून चापाला एक किलोचं वजन लावायचं आणि उचलायचं. वजन उचललं जाण्याआधी घोडा सुटला तर पिस्तूल बाद. ऑलिंपिक विजेता असो की नवखा, यातून कोणाची सुटका नाही. अमेरिकेतही पारंपरिक पिस्तूल स्पर्धांत .४५ साठी साडेतीन पौंडांची किमान मर्यादा आहेच. या स्पर्धांसाठी ओहायोतल्या कॅम्प पेरीला जाणारे नेमबाज पिढ्यान् पिढ्या ती पाळतात आणि त्यांचं स्वातंत्र्य हिरावलं गेल्याचं कोणी म्हटलेलं नाही.

हेच वजन स्पर्धेबाहेर, रोजच्या सरावाच्या रेंजवर आणता येईल. नव्याने आलेल्या प्रत्येक पिस्तुलाचा दाब आणि सुरक्षा-खटके काडतूस न भरता तपासायचे, नापास झालं तर त्या दिवशी ते पेटीतच ठेवायचं. सरकारी कचेरी नको, नोंदवही नको. रेंजचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांनी मनावर घेतलं तरी पुरेल. फक्त दाबावर भागणार नाही, कारण झिजलेली कड दाबाच्या मोजमापात लपू शकते. म्हणून भिंग हाताळता येणारा एक कारागीर महिन्यातून एकदा रेंजवर बसवावा लागेल. त्याच्या एका दिवसाचे पैसे सभासद-वर्गणीतून सहज निघतील.