जुने बिल बदलता कामा नये

दुकानासाठी संगणकाची बिलिंग प्रणाली घेताना आपले व्यापारी बंधू किंमत विचारतात, छपाई कशी येते ते पाहतात. आतली मांडणी कशी आहे हे सहसा कोणी विचारत नाही. ती प्रोग्रामरची बाब, असे आपण धरून चालतो. पण मांडणी चुकली तर भुर्दंड दुकानदारालाच पडतो.

करापूर्वी 800 रुपये किमतीची चपलेची जोडी घ्या. तिच्यावर 2021 अखेर 5 टक्के जीएसटी होता. 1 जानेवारी 2022 पासून तो 12 टक्के झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून पुन्हा 5 टक्के. माल तोच, पण बिल कधी 840 चे, कधी 896 चे.

प्रोग्रामर मंडळींचा एक लाडका नियम आहे: एक माहिती एकाच जागी लिहावी, तिच्या नकला करू नयेत. अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस यांच्या 1999 च्या पुस्तकाने तो फार रूढ केला. नियम चांगलाच आहे. दर शंभर ठिकाणी लिहिला तर बदलताना दहा ठिकाणी राहून जाणार. पण याच नियमाला चिकटून बिलात दर लिहिलाच नाही, बिल उघडले की तो मालाच्या यादीतून उचलायचा असे ठेवले, तर यादीतला आकडा बदलताच मागची सारी बिले बदलतात. ऑगस्ट 2025 चे 896 चे बिल पुन्हा छापले की 840 चे निघते! गिऱ्हाइकाकडे एक कागद, दुकानात दुसरा. ती जोडी परत आली तर क्रेडिट नोट 12 टक्क्यांनीच व्हायला हवी. प्रणाली 5 टक्क्यांनी करील आणि 56 रुपयांवरून वाद होईल. भरलेल्या विवरणपत्राशीही हिशेब जुळणार नाही, आणि हा हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावा लागतो.

येथे दुसरा नियम वरचढ ठरला पाहिजे: घडलेला व्यवहार बदलू नये. जुन्या मुनीमजींना हे कोणी शिकवावे लागत नसे. रोजकीर्दीत खाडाखोड नाही. चूक झाली तर दुरुस्तीची नवी नोंद. माझ्या मते बिलावरचा दर ही यादीतल्या दराची नक्कल नाहीच, ती त्या दिवसाची साक्ष आहे. यादीत दर एकाच जागी असावा, त्यापुढे 'कधीपासून' ही तारीख असावी, आणि बिलाने आपला दर स्वतःजवळ ठेवावा.

याचा अर्थ सगळेच बदलता येणारी भारी प्रणाली घ्या, असा नव्हे. एका गाळ्याच्या दुकानाला दहा गोदामे आणि चार चलनांची सोय कशाला? जितक्या सोयी, तितक्या चुकायच्या जागा. आज लागत नाही ते बांधू नये, हाही प्रोग्रामरांचाच नियम. दरापुढची तारीख मात्र त्या चैनीत मोडत नाही.

प्रणाली विकणारा दुकानात आला की त्याच्यादेखत एक बिल करा, यादीतला दर बदला आणि तेच बिल पुन्हा छापायला सांगा. आकडा बदलला तर बयाणा देऊ नका.