रेघ कोणी ओढली? आणे घाट, पेंटरचा ब्रश आणि रेडियमची पट्टी

१/ कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर आळेफाटा सोडून पूर्वेकडे निघालेला मालट्रक बेल्हे, गुळुंचवाडी मागे टाकतो आणि आणे घाट चढू लागतो. चढावर त्याचा वेग मंदावतो. मागच्या वाहनाला पुढे जाता येत नाही आणि ट्रकचा फाळका वाचण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मालकाचे नाव, गाव, तालुका, कुलदैवत, मुलांची नावे, एखादी सुविचारवजा ओळ आणि अगदी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरची सही. (थ्रेड)

२/ ही सही आता विरळ होत चालली आहे. तिच्या जागी यंत्राने कापलेली चकचकीत अक्षरे आली आहेत. सारा मुलूख त्यांना ‘रेडियम’ म्हणतो. वास्तविक त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. एके काळी घड्याळाच्या काट्यांना लावला जाणारा रेडियमयुक्त रंग अंधारात स्वतः उजळत असे. ही पट्टी मात्र समोरच्या दिव्याचा उजेड आल्या वाटेने परत पाठवते, एवढेच.

३/ रंग की स्टिकर, हा वाद सहसा सौंदर्याच्या अंगाने होतो. हाताचे ते अस्सल आणि यंत्राचे ते नकली, असा निवाडाही चटकन दिला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने तो स्वीकारू नये. खरा प्रश्न निराळा आहे : वाहनावरचा मजकूर हा लेख मानायचा की सजावट? लेख मानला, तर तो कोणी, कोठे आणि कोणासाठी लिहिला, हे टिकले पाहिजे.

४/ जुन्नर तालुक्यात तरी हा प्रश्न नवा नाही. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. जुन्नरच्या परिसरातील लेण्यांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत राजे थोडे आणि सामान्य माणसे फार. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले, याची नोंद आहे. बांबूचे काम करणारे आहेत, कासार आहेत. इरिल नावाचा यवनही आहे.

५/ या लेखांची मांडणी पाहा. नाव, कूळ किंवा गाव, व्यवसाय, दान. चार शब्दांत माणूस उभा राहतो. फाळक्यावरचा मजकूरही याच घाटाचा आहे. नाव, गाव, तालुका, दैवत. दोन्ही लेख व्यापाराच्या वाटेवरचे, दोन्ही येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावेत म्हणून लिहिलेले. फरक इतकाच, की एक दगडावर आहे म्हणून त्याचे ठसे घेतले जातात आणि दुसरा लोखंडावर आहे म्हणून भंगारात जातो.

६/ ट्रक रंगवण्याची चाल कारखान्यात जन्मली नाही. १९५४ मध्ये टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरहून ट्रक बाहेर पडू लागले. पुढे कित्येक दशके ग्राहकाच्या हाती प्रामुख्याने चासी आणि दर्शनी भाग पडे. लाकडी-लोखंडी बॉडी स्थानिक कारागीर बांधत. सुतार, लोहार, वेल्डर आणि शेवटी पेंटर अशी ती साखळी होती. ट्रक परक्या गावचा असला, तरी त्याचा चेहरा स्थानिक असे.

७/ काम सावकाशीचे. जुना रंग घासायचा, खड्डे लांबीने भरायचे, प्राइमर द्यायचा. मग खडू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून झटकली, की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरांचा माथा बसतो. त्यानंतर ऑइलपेंट, बारीक ब्रश आणि मनगटाखाली आधाराला काठी. एक थर वाळल्यावाचून दुसरा चढवता येत नाही.

८/ पेंटर हरतो तो येथेच. त्याच्या थराला वाळायला दिवस लागतात आणि ट्रक उभा राहिला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. ओतूरचा कांदा किंवा नारायणगावचा टोमॅटो रंग सुकण्याची वाट पाहत नाही. प्लॉटरवर कापलेली अक्षरे तासाभरात चिकटतात. रेडियम निवडणाऱ्या मालकाला अरसिक म्हणणे हा अन्याय आहे. त्याने निवड केली ती वेळेची.

९/ दुसरी बाजू जिवाची आहे. रात्री घाटात बंद पडलेला ट्रक मागून येणाऱ्याला दिसला पाहिजे. ऑइलपेंटचे कितीही सुंदर कमळ हे काम करू शकत नाही. परावर्तक पट्टी ते करते : पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. या पट्ट्या कायद्याने आल्या आणि योग्यच आल्या. त्यांच्याविरुद्ध कलेचा झेंडा उभारणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

१०/ वाहनाच्या अंगावर सरकारही पूर्वीपासून लिहीत आले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकला सुक्या पानाचा तपकिरी रंग आणि ३० सेंटिमीटर रुंदीची पांढरी किनार नेमून दिली. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी परिपत्रक काढून ‘हॉर्न ओके प्लीज’ या ओळीवर बंदी घातली, कारण तिने विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते. म्हणजे सरकारच्या लेखीही फाळका हा लेखच आहे.

११/ आता थोडे दूर, अमेरिकेत. तेथील जुन्या ‘मसल कार’ जपणाऱ्यांत हाच वाद आहे : पट्टे रंगवावेत की स्टिकर लावावेत? मोटारींवरच्या लांब पट्ट्यांचे मूळ सहसा शर्यतीत शोधले जाते. १९५१ मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या पांढऱ्या गाड्या निळे पट्टे घेऊन फ्रान्समधील ल माँच्या शर्यतीत उतरल्या होत्या.

१२/ पुढे कारखान्यांनी हेच पट्टे विकायला काढले आणि त्यांतले बरेचसे स्टिकर होते. १९६९ च्या पाँटियॅक जीटीओ ‘जज’वरील रंगीत पट्टे चिकटवलेले होते. १९७३ पासून ट्रान्स ॲमच्या बॉनेटवर पंख पसरून बसलेला मोठा पक्षीही चिकटवलेलाच. आज कोणी तो पक्षी ब्रशने रंगवला, तर काम देखणे होईल, पण इतिहास खोटा होईल. तेथे स्टिकर हेच मूळ आहे.

१३/ म्हणून जतनाचा नियम साधा असावा : जे होते तेच करावे. आपल्याकडेही तो लागू पडतो. बुलेटच्या टाकीवरची सोनेरी रेघ चेन्नईत कसबी हातांनी ओढली जात आली आहे. कोणत्याही दोन टाक्यांवरच्या रेघा तंतोतंत सारख्या नसतात. तशी जुनी टाकी नव्याने रंगवताना तेथे स्टिकर लावला, तर सरळपणा वाढतो आणि हात पुसला जातो. फाळक्याचेही तेच. जो रंगवलेला होता, तो रंगवूनच जपावा.

१४/ रंग आणि स्टिकर म्हातारेही वेगवेगळ्या रीतीने होतात. रंग हळूहळू फिका पडतो, त्याला तडे जातात, पण अक्षर शेवटपर्यंत वाचता येते. स्टिकर उन्हाने आकसतो, त्याच्या कडा सुटतात आणि एक दिवस तो सोलला जातो. मागे उरते डिंकाचे किटण आणि न विटलेल्या रंगाची सावली. नाव गेलेले असते, नावाची जागा तेवढी दिसते.

१५/ सर्वांत मोठे नुकसान मात्र सहीचे आहे. प्लॉटरची अक्षरे तयार फॉन्टमधून येतात. तीच वळणे आण्यात, तीच नागपुरात. हाताने रंगवलेल्या अक्षरावरून जाणकार गाव ओळखतो, कधी पेंटरही. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची माणसे यात्रेची सुपारी द्यायला येतात. फडाच्या गाडीवर रंगवलेले मालकाचे नाव म्हणजे फडाची अब्रूच. ते नाव कोणी लिहिले, हे फडाच्या इतिहासात सहसा येत नाही.

१६/ ‘पेंटर’ हा शब्द महाराष्ट्राने कधी हलका मानला नव्हता. नाटकांचे पडदे रंगवणारे कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री ‘बाबूराव पेंटर’ म्हणूनच चित्रपटाच्या इतिहासात अमर झाले. व्यवसाय हेच त्यांचे आडनाव झाले. हमरस्त्यावरच्या पेंटरला निदान कोपऱ्यातली सही तरी मिळावी.

१७/ तेव्हा निवाडा असा. जीव वाचवणारी पट्टी परावर्तकच असावी आणि तिच्यात तडजोड नसावी. नाव, गाव, दैवत आणि नक्षी यांना शक्य तेथे रंगच शोभतो, कारण तेथे दिसण्याइतकेच कोणी लिहिले हेही महत्त्वाचे असते. आणि रेडियमच कापायचे असेल, तर कापणाऱ्याने कोपऱ्यात आपले नाव व साल कापून चिकटवावे. सही हा काही फक्त ब्रशचा हक्क नव्हे.

१८/ धान्याच्या त्या श्रेणीने लेण्यावर नाव कोरले नसते, तर जुन्नरच्या बाजारपेठेविषयीची एक साक्ष कायमची गेली असती. आज घाट चढणारे फाळके तशीच साक्ष देत आहेत आणि त्यांना दोन हजार वर्षांचे आयुष्य नाही. फार तर आठ-दहा पावसाळे. ज्यांच्याकडे रंगवलेल्या ट्रकचे, फडाच्या गाडीचे किंवा जुन्या जीपचे छायाचित्र असेल, त्यांनी ते येथे जोडावे. गाव, साल आणि ठाऊक असल्यास पेंटरचे नाव लिहावे. गाडीचा क्रमांक झाकला तरी चालेल, सही झाकू नये. (समाप्त)